फोटोतली बाई कोण होती?

रेडिओवर फोटोंविषयी बोलायचं म्हणजे फोनवरून भाकरीचा वास सांगण्यासारखं आहे. तरी आज मी तेच करणार आहे. हातातलं निवडण-टिपण चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

झालं असं, की बचत गटाची समन्वयक म्हणून मी प्रत्येक बैठकीचा फोटो काढते. तारीख दिसली पाहिजे, ठिकाण दिसलं पाहिजे, बाया मोजता आल्या पाहिजेत. तो अहवालाबरोबर वर जातो. मागे एका बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, "ताई, इतकी वर्षं आमचे फोटो नेता. पुढं त्यांचं होतं काय?" मला उत्तर देता आलं नाही. मग वाटलं, ज्या फोटोंना जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, त्यांच्यातल्या माणसांचं पुढे काय झालं ते तरी शोधावं. महिनाभर तालुक्याच्या वाचनालयात आणि मोबाईलवर वाचत होते. त्यातलं थोडं आज सांगते.

नेदरलँड्स नावाचा युरोपातला छोटा देश. त्याची राजधानी अ‍ॅमस्टरडॅम. तिथल्या बातमीदार फोटोग्राफरांच्या संघटनेतल्या काही जणांनी १९५५ साली ठरवलं, की आपल्या देशाच्या स्पर्धेत परदेशी फोटोग्राफरांनाही बोलवू. त्यातून 'वर्ल्ड प्रेस फोटो' ही स्पर्धा उभी राहिली. वर्तमानपत्रांसाठी, मासिकांसाठी काढलेले फोटो मागवायचे, परीक्षक बसवायचे आणि त्यातला एक 'वर्षाचा फोटो' म्हणून निवडायचा. बक्षीसपात्र फोटोंचं प्रदर्शन मग देशोदेशी फिरतं. आता दरवर्षी हजारो फोटोग्राफर फोटो पाठवतात. २०२४ च्या स्पर्धेत साठ हजारांहून जास्त फोटो आले होते.

पहिल्या वर्षीचा बक्षिसाचा फोटो कशाचा होता, ऐका. डेन्मार्कमधल्या मोटारसायकलच्या शर्यतीत एक गडी गाडीवरून उडून पडतोय, त्याचा! बघणाऱ्याला धस्सही होतं आणि हसूही येतं. पुढे मात्र हसू येईल असे फोटो कमीच निवडले गेले. युद्ध, भूकंप, दुष्काळ, दंगली. आणि यादी पाहत गेले तसं एक ध्यानात आलं, की रडणारी बाई त्यात पुन्हा पुन्हा येते. अल्जीरियातली, कोसोवोतली, लेबनॉनमधली, आपल्याकडची. कॅमेऱ्यामागे मात्र बहुतेक वेळा पुरुष. वर्षाच्या फोटोचं बक्षीस एका बाईला मिळायला स्पर्धा सुरू झाल्यापासून वीसहून जास्त वर्षं गेली. फ्रान्सच्या फ्रांस्वाज दमुल्डे यांनी जानेवारी १९७६ मध्ये लेबनॉनच्या बैरूत शहरात काढलेला तो फोटो. मागे कारांतिना नावाची वस्ती जळतेय, आणि डोक्याला फडकं बांधलेली एक वयस्कर पॅलेस्टिनी बाई बंदूकवाल्यापुढे दोन्ही हात पसरून विनवणी करतेय. मला तर तिच्यात आपल्या गावची कुठलीही मावशी दिसली. पोलिसाच्या नाहीतर सावकाराच्या पुढ्यात उभी असलेली.

आता आपल्या देशाकडे येते. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

१९८४ सालच्या डिसेंबरमधली दोन आणि तीन तारखेच्या मधली रात्र. भोपाळ. तुमच्यातल्या ज्या साठीच्या आहेत त्यांना तेव्हाच्या बातम्या आठवत असतील. युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकं बनवायचा कारखाना होता. आपण शेतात फवारतो तसली औषधं. ती बनवायला मिथाइल आयसोसायनेट नावाचं अतिविषारी रसायन टाकीत साठवलेलं होतं. त्या टाकीत पाणी शिरलं, आतलं तापमान आणि दाब वाढला, आणि सुमारे चाळीस टन वायू थंडीच्या रात्री झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. जी सुरक्षायंत्रणा हे थांबवणार होती, तिच्यातली काही बंद होती, काही अपुरी पडली. माणसं डोळे चोळत, खोकत रस्त्यावर पळाली. जी पळाली त्यांनी धापा टाकत जास्तच वायू छातीत ओढला. लहान मुलं सगळ्यात आधी गेली.

पुढच्या दिवसांत दोन फोटोग्राफर तिथं होते. एक रघु राय, दुसरे पाब्लो बार्थोलोम्यू. दोघांनीही एका बाळाच्या दफनाचा फोटो काढला. खड्ड्यात माती आणि दगडगोटे. त्यातून फक्त बाळाचा चेहरा वर राहिलाय. डोळे उघडे, पण बुबुळांवर साय आल्यासारखे पांढुरके. आणि एक हात. मोठ्या माणसाचा हात, माती सारता सारता त्या कपाळापाशी थांबलेला. रघु राय यांचा फोटो काळा-पांढरा, बार्थोलोम्यू यांचा रंगीत. अ‍ॅमस्टरडॅमला १९८४ या वर्षाचा फोटो म्हणून निवडला गेला तो बार्थोलोम्यू यांचा. काळा-पांढराही तितकाच जगभर गेला. भोपाळ म्हटलं की आजही तोच चेहरा पुढे येतो.

मी तो फोटो पाहिला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. पदरी लहान मूल असलं की असे फोटो बघवत नाहीत. पण नंतर जे वाचलं ते फोटोपेक्षा जड होतं. ते बाळ कुणाचं, हे आजवर कळलेलं नाही. त्याचे आईबाप कधी पुढे आले नाहीत. कदाचित तेही त्याच रात्री गेले असतील. साऱ्या जगानं पाहिलेला चेहरा, आणि त्याला नाव नाही.

फोटोतून जग हळहळलं, हे खरं. पण हळहळीने पोट भरत नाही आणि दवाखानाही चालत नाही. भारत सरकारने १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने दावा लढायचा अधिकार स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलरला तडजोड झाली. ज्यांच्यासाठी पैसे घेतले त्यांना विचारलं नव्हतं. पुढे बहुतेक जखमींच्या हातात पडले पंचवीस हजार रुपये. फुफ्फुसं निकामी झालेल्या, आयुष्यभर धाप लागणाऱ्या माणसाला पंचवीस हजार! मेलेल्यांच्या आकड्यावरही अजून एकमत नाही. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

आणि इथे फोटोत नसलेल्या बाया येतात. मला तुम्हाला खरी ओळख त्यांचीच करून द्यायची आहे.

वायूकांडानंतर बायांना रोजगार म्हणून सरकारने काही कामाच्या शेड काढल्या. त्यातल्या एकीत वह्या, फायली असं कागदाचं सामान बनायचं. तिथं रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला यांची गाठ पडली. एक मुसलमान, परद्यात वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. दुसरी हिंदू. मजुरी फारच तुटपुंजी होती. दोघींनी बाकीच्या बायांना गोळा करून युनियन काढली, 'भोपाळ गॅस पीडित महिला स्टेशनरी कर्मचारी संघ'. नाव लांबलचक आहे, पण मला ते आवडतं, कारण त्यात त्यांचं दुखणंही आहे आणि कामही आहे. मजुरी वाढवून मिळावी म्हणून १९८९ मध्ये या बाया भोपाळहून दिल्लीला पायी निघाल्या. साधारण ७५० किलोमीटर! धाप लागणाऱ्या छात्या घेऊन. आपण पंढरीच्या वारीला जाणाऱ्या माणसं. पायी चालणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण वारीत गावोगाव जेवणाच्या पंगती असतात, इथं तसलं कुणी वाट बघत नव्हतं.

२००१ साली युनियन कार्बाइड डाऊ केमिकल कंपनीने विकत घेतली. कारखान्याच्या आवारात विषारी कचरा तसाच पडून होता आणि आसपासच्या वस्त्यांचं पाणी बिघडलं होतं. तेव्हा या बायांनी मोहीम काढली, 'झाडू मारो डाऊ को'. जागोजागच्या बायांकडून झाडू गोळा केले आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना नेऊन दिले, की घ्या, तुमची घाण तुम्ही साफ करा. आपल्या मुंबईतल्या कार्यालयावरही त्या धडकल्या. मला वाटतं, असं हत्यार बाईलाच सुचावं.

रशीदाबी आणि चंपादेवी यांना २००४ मध्ये पर्यावरणासाठी दिलं जाणारं गोल्डमन पारितोषिक मिळालं. त्या पैशातून त्यांनी चिंगारी नावाचा ट्रस्ट उभा केला. वायूची आणि दूषित पाण्याची झळ लागलेल्या घरांत जी मुलं व्यंग घेऊन जन्मली, त्यांच्यावर तिथं उपचार होतात. आणि तो कारखान्यातला कचरा? त्यातला ३३७ टन कचरा भोपाळमधून हलला जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी. पीथमपूरला नेऊन जाळला, आणि तिथल्या लोकांनी 'आमच्या दारात का' म्हणून मोर्चे काढले. त्यांचंही काही चुकलं नाही.

आता त्या दोघींचा एखादा फोटो तुम्ही कुठं पाहिलाय का? मीही पाहिला नव्हता. मुद्दाम शोधला तेव्हा सापडला.

भोपाळनंतर वीस वर्षांनी आपल्या देशातला आणखी एक फोटो अ‍ॅमस्टरडॅमला पहिला आला. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी इंडोनेशियात सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत आल्या. एकट्या तामिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली. दोन दिवसांनी, २८ तारखेला, कडलूरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर अर्को दत्ता यांनी तो फोटो काढला. एक बाई वाळूवर पालथी कोसळलीय. दोन्ही हात पसरलेले, तळवे आभाळाकडे. आणि फोटोच्या कडेला तिच्या मेलेल्या नातलगाचा फक्त हात दिसतो. चेहरा नाही, अंग नाही, नुसता हात. दत्ता यांनी बाकीचं दाखवलं नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण या फोटोतून न कळणारी एक गोष्ट मला एका अहवालात सापडली. त्सुनामीनंतर तीनच महिन्यांनी ऑक्सफॅम या संस्थेने तो काढला. कडलूर जिल्ह्यात मेलेल्यांत पुरुष १४६ होते आणि बाया ३९१. जवळजवळ तिप्पट! का? पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात गेलेले. खोल पाण्यात लाट होडीखालून निघून जाते, नुसता हेलकावा बसतो. ती उंच होते ती किनाऱ्याला आल्यावर. आणि किनाऱ्यावर कोण? मासळी उतरवून घ्यायला, निवडून बाजारात न्यायला टोपल्या घेऊन थांबलेल्या बाया. घरात कोण? बाया आणि मुलं. पोरं कडेवर, अंगावर साडी, पोहायला कुणी कधी शिकवलं नाही. झाडावर चढायलाही नाही. आपल्याकडे पूर येतो तेव्हा कोण कुठं असतं, ते एकदा मनात मोजून बघा.

याच अर्को दत्तांचा त्याआधीचा, २००२ सालचा गुजरात दंगलीतला एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून मदत मागणारा तरुण. तो वाचला. पण फोटो त्याची पाठ सोडेना. ज्याला त्याला आपापल्या राजकारणासाठी तो हवा होता. तो तरुण आपल्या मालेगावात बहिणीकडे येऊन राहिला, कामाला लागला. तिथं कुणाच्या तरी हातात तो फोटो छापलेलं वर्तमानपत्र आलं आणि त्याचं काम गेलं, असं त्याने पुढे सांगितलं. फोटो काढणाऱ्यानं तर चांगलंच केलं होतं. तरी हे असं झालं.

उलट फोटोमुळे जीव वाचल्याचंही उदाहरण आहे. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं ट्रांग बांग गाव. विमानातून नापाम बॉम्ब पडले. नापाम म्हणजे पेट्रोलसारखं जळणारं चिकट रसायन, अंगाला लागलं की सुटत नाही. नऊ वर्षांची किम फुक जळते कपडे फेकून रस्त्यावर उघडी धावत सुटली, तो क्षण फोटोत आला. वृत्तसंस्थेत आधी वाद झाला, उघड्या मुलीचा फोटो छापायचा कसा? शेवटी छापला. या फोटोबद्दल ज्यांचं नाव घेतात ते निक उट यांनी तिला गाडीतून दवाखान्यात पोचवलं. सतरा शस्त्रक्रिया झाल्या, ती वाचली, पुढे कॅनडात स्थायिक झाली आणि युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी तिने संस्था काढली. लहानपणी तिला त्या फोटोची लाज वाटायची, हे तिने मोकळेपणी सांगितलंय. अलीकडे तो फोटो नेमका काढला कुणी यावरच वाद निघाला, आणि मे २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने निक उट यांचं नाव त्यावरून तूर्त काढलं. फोटोचं बक्षीस मात्र कायम ठेवलं. काढणाऱ्याचं नाव पन्नास वर्षांनी पुसट झालं, आणि फोटोतली मुलगी मात्र नावानिशी उभी आहे. भोपाळच्या बाळाच्या अगदी उलट.

कोलंबियातल्या ओमायराचं तसं झालं नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये ज्वालामुखीच्या चिखलाखाली आर्मेरो हे अख्खं गाव गेलं. तेरा वर्षांची ओमायरा सांचेझ गळ्याइतक्या पाण्यात, ढिगाऱ्यात पाय अडकून जवळजवळ तीन दिवस होती. फ्रँक फुर्निये यांनी तिचा फोटो काढला. तिला बाहेर काढायला पंप नव्हता, साधनं नव्हती. ती गेली. लोक फोटोग्राफरला बोलले, गिधाड म्हणाले. ते म्हणाले, मी तिला वाचवू शकत नव्हतो, निदान तिचं धैर्य जगाला दाखवू शकलो. राग मात्र फोटोग्राफरवर काढणं सोपं असतं. धोक्याचा इशारा आधीपासून असून गाव वेळेत हलवलं नाही, ते मोकळे सुटतात.

स्पर्धेचे नियम कडक आहेत, तेही सांगते. आपण मोबाईलवर चेहरा गोरा करतो, मागचा उकिरडा पुसतो, तसलं तिथं चालत नाही. कॅमेऱ्यातली मूळ फाईल तपासतात. २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे एक पंचमांश असल्या फेरफारामुळे बाद झाले होते.

आणि सगळे फोटो मरणाचेच नाहीत. २०२१ मध्ये पहिला आलेला फोटो ब्राझीलचा. करोनाच्या काळात एका वृद्धाश्रमात पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना एक नर्स मिठी मारतेय. मध्ये प्लॅस्टिकचा पडदा, त्याला पिवळ्या कडा, आणि हात घालायला बाह्या शिवलेल्या. पाच महिन्यांत आजींना कुणी पहिल्यांदा जवळ घेतलं होतं. पडद्याच्या घड्या अशा पडल्यात, की त्या नर्सला पंख फुटलेत असं वाटतं. फोटोग्राफर डेन्मार्कचे मॅड्स निसेन. पहिल्या वर्षीचा पडणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा फोटो डेन्मार्कमधला, आणि हेही डेन्मार्कचे. आपल्या गटातल्या बायांनी तेव्हा मास्क शिवले होते. असा बाह्यांचा पडदा शिवायचं कुणाला सुचलं नाही, याची मला चुटपुट लागली.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. तिनं तो उगीच विचारला नव्हता, हे मला नंतर कळलं. तिचा नवरा गेला तेव्हा एका संस्थेनं तिला शिलाई मशीन दिलं. देताना फोटो काढला. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले, बाजूला चार माणसं हसून उभी. पुढं वर्षभराने तिला तो फोटो तालुक्याच्या एका दुकानात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसला. ती बाजार न करता घरी आली. मशीन तिला हवंच होतं, त्याच्यावर तिचं घर चालतं. फोटोचं कुणी विचारलं नव्हतं.

मी पुढच्या बैठकीला माझा मोबाईल तिच्या हातात दिला. म्हटलं, तुझे सगळे फोटो बघ, नको ते पूस. तिनं चष्मा लावला आणि एकेक बघत बसली. बाकीच्या बायाही भोवती जमल्या. माझाही एक फोटो त्यात निघाला, तोंडात भजं असलेला, कुणी काढला देव जाणे. सगळ्या हसल्या. तिनं तिचे सात फोटो पुसले. एक ठेवला. त्यात ती मशीनवर बसलीय, मान खाली, सुईत दोरा ओवतेय, आणि कॅमेऱ्याकडे तिचं लक्षही नाही.

"हा पाठव वर," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव लिही. पूर्ण लिही."